भोकाचं पेटंट

पावसाळा सरत आला की नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एकच प्रश्न कानावर येतो, "पेशी किती आल्या?" किनवट, हदगाव, मुखेडकडून आलेले नातेवाईक रिपोर्टचा फोटो काढून गावाकडं धाडतात. बाहेर गाड्यावर किवीचे भाव चढलेले असतात. बरेच जण 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' असं म्हणतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही घटतात, पण घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो तो प्लेटलेटपायी, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारक्या पेशींपायी. दीड लाखाच्या वर आहेत का? सत्तर हजार, की चाळीस? हा आकडा सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजणारं यंत्र, मिनिटभरात देतो, आणि बहुतेक यंत्रांत तो येतो एका भोकातून. खरोखरच्या भोकातून, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढ्या.

ते भोक पाडणारा माणूस डॉक्टर नव्हता. वॉलेस कोल्टर 1913 साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मला, इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि 1935 मध्ये जनरल इलेक्ट्रिकची एक्स-रे यंत्रं विकायला नि दुरुस्त करायला आशियात आला. शांघाय, सिंगापूरच्या दवाखान्यांत फिरताना त्यानं सूक्ष्मदर्शकावर मान मोडून रक्तपेशी मोजणारी माणसं पाहिली. पुढं जपानी फौजा सिंगापूरच्या दाराशी आल्या तेव्हा तो मालवाहू जहाजानं निसटला आणि भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका असा वळसा घालत घरी पोचला.

ती मोजणी कशी चालायची हे आपल्याकडचे जुने टेक्निशियन अजून हातवारे करून सांगतात. आत लाल मणी असलेलं काचेचं पिपेट, त्याला रबरी नळी, नळीचं टोक तोंडात धरून रक्त ओढायचं (मधेच खोकला आला की कल्पना करा!). ते 200 पट पातळ करायचं, न्यूबावर चेंबर नावाच्या आखीव काचेवर थेंब सोडायचा आणि 80 बारीक चौकोनांतल्या लाल पेशी मोजायच्या. येईल त्या संख्येला 10,000 नं गुणायचं. 500 आल्या तर घन मिलिमीटरला 50 लाख. म्हणजे रेघेवरची एक पेशी धरली की सोडली, यावर दहा हजारांचा फरक. शिवाय थेंबात किती पेशी याव्यात हा थोडा नशिबाचाही खेळ. 500 मोजल्या तर 22 इकडंतिकडं व्हायच्याच, हे गणितच तसं आहे. टेक्निशियनचा त्यात दोष नाही. म्हणजे डोळे ताजे असतानासुद्धा सव्वादोन लाखांची ओढाताण.

कोल्टरनं पेशी बघायचा नादच सोडला. ज्यानं रात्री शेतात दारं धरलंय त्याला ही युक्ती लगेच कळेल. पाटाच्या अरुंद तोंडातून पाणी चाललंय आणि एक ढेकूळ वाहत आलं. ते तोंडातून पार होईपर्यंत धार बारीक होते. ढेकूळ जेवढं मोठं, तेवढी धार बारीक. तुम्ही अंधारात पलीकडं नुसती धार न्याहाळत बसलात तरी किती ढेकळं गेली आणि केवढी होती, हे सांगू शकाल. इथं धार विजेची. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, पेशीचं आवरण मात्र तिला अडवतं. भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रोड असतो. पेशी भोकातून गेली की विरोध क्षणभर वाढतो आणि विजेचा एक ठोका उमटतो. ठोके मोजले की पेशींची संख्या कळली. ठोक्याची उंची पेशीच्या घनफळाच्या प्रमाणात असते. दोन पेशी जोडीनं शिरल्या तर ठोका एकच पडतो, म्हणून रक्त भरपूर पातळ करतात आणि वर हिशेबातही दुरुस्ती करतात. एवढं करूनही सेकंदाला हजारो पेशी मोजून होतात.

पहिलं भोक त्यानं सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापल्या सुईनं पाडलं, असं सांगतात. मोजायचे होते रंगाचे कण. थंडीत रंग गोठला, मग यानं स्वतःचंच रक्त घातलं! मला या गोष्टीपेक्षा तिच्यानंतरची जास्त आवडते. भोकाचं कुठं पेटंट मिळतं का, असं म्हणून वकिलांनी त्याला वाटेला लावलं होतं. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच्या पुढच्या वर्षी, 27 ऑगस्ट 1949 ला, त्याचा अर्ज दाखल झाला. 20 ऑक्टोबर 1953 ला पेटंट मिळालं. त्यानं आपलं यंत्र 1956 मध्ये शोधनिबंधातून जगापुढं मांडलं. आपली घाटी, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचं (आताच्या छत्रपती संभाजीनगरचं) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सुरू झालं तेही याच साली.

धंद्यात त्याचा जोडीदार होता धाकटा भाऊ जोसेफ. दोघांनी 1958 मध्ये कंपनी काढली, पुढं ती फ्लोरिडात हलवली. 1968 च्या 'मॉडेल एस'नं एका गोष्टीची उलटापालट केली. आधी रक्त फिरवून लाल पेशींचा थर मोजायचे आणि त्यावरून पेशीचं सरासरी आकारमान काढायचे. आता आकारमान ठोक्यावरून थेट मिळू लागलं आणि थराचं प्रमाण हिशेबानं. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, कागदावरचा 'एमसीव्ही' म्हणजे हेच सरासरी आकारमान. कंपनी 1997 मध्ये बेकमनला विकली गेली, तेव्हा कोल्टरनं दहा कोटी डॉलर कामगारांसाठी बाजूला काढले. पुढच्या वर्षी तो वारला.

आता भोकाची खोडही सांगतो. त्याला आकार कळतो, जात कळत नाही. अंगात लोह फार कमी असलेल्या बाईच्या लाल पेशी खुजट होतात, त्यांचे तुकडे प्लेटलेटमध्ये धरले जाऊ शकतात आणि आकडा फुगतो. उलटही होतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही जणांच्या प्लेटलेट त्यानंच एकमेकींना चिकटतात. असा घोस भोकाला भलत्याच पेशीसारखा वाटतो आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर चाळीस हजार छापून येतात. म्हणून जाणता टेक्निशियन आकडा खटकला की काचेवर रक्ताचा थर ओढतो आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो, अगदी न्यूबावरवाल्या दिवसांसारखा. घोस दिसले की बाहेर येऊन सांगतो, "दादा, पेशंटला परत आणा." नातेवाईक वैतागतात, "आत्ताच तर घेतलं की रक्त!" या खेपेला निळ्या टोपणाची नळी, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएऐवजी सायट्रेट. त्यातल्या द्रवानं रक्त थोडं पातळ होतं, म्हणून येईल त्या आकड्याला तो 1.1 नं गुणतो आणि मगच रिपोर्टवर सही करून घेतो.