नर्सबाईंना काय शिकवायचं, हे कोणी ठरवलं?

आरोग्य खात्यात प्रशिक्षण लागलं की आधी पत्र येतं: अमुक तारखेला, अमुक सभागृहात, दोन दिवस. एएनएम सिस्टर (उपकेंद्रातल्या नर्सबाई), एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय कर्मचारी), आशाताई हजेरीवर सह्या करून बसतात. त्यांना नेमकं काय अडतं, हे बहुतेकदा कोणी विचारलेलंच नसतं. या सवयीची मुळं बरीच जुनी आहेत.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करायला नेमलेल्या भोर समितीने 1946 साली प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला आणि 1952 पासून केंद्रं उघडू लागली. पण गावात घरोघर फिरणारी माणसं आली ती मुख्यतः मोहिमांमधून. हिवतापाची मोहीम 1953 ची. देवीचे लसटोचक वेगळे, कुटुंब नियोजनाचे कर्मचारी वेगळे. ज्याचं जे काम, तेवढंच त्याचं शिक्षण. हिवतापवाला दारात उभा राहून ‘कोणाला ताप?’ विचारायचा, बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा, एक जाड थर, एक पातळ. त्या कामात त्याचा हात बसलेला असे.

मग 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने या सगळ्यांना एकत्र करून ‘बहुउद्देशीय कर्मचारी’ घडवायला सांगितलं. विचार रास्तच होता. एका घराला चार कार्यक्रमांच्या चार माणसांनी भेटी देण्यात काय हशील? पण काचपट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाची उणीव एक आणि लसटोचकाची दुसरी. माझ्या मते, कोणाला काय येतं आणि काय नाही हे माणसागणिक तपासण्याची सर्वांत मोठी गरज तेव्हा होती.

1996 साली कुटुंब नियोजनाची उद्दिष्टं काढून टाकली गेली आणि पाठोपाठ ‘समाजाच्या गरजांचं मूल्यमापन’ आलं. गावाला काय हवं ते नर्सबाईने घरोघर विचारून आराखडा करायचा. नर्सबाईला काय हवं, हा रकाना त्यात नव्हता.

तो रकाना त्याच सुमारास इंग्लंडमध्ये तयार होत होता. हेनेसी आणि हिक्स या संशोधकांच्या प्रश्नावलीत तीस कामं असतात. प्रत्येक कामाला कर्मचाऱ्याने स्वतःच 1 ते 7 गुण द्यायचे, तेही दोनदा: हे काम माझ्या नोकरीत किती महत्त्वाचं, आणि मला ते किती जमतं. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे गरज. जागतिक आरोग्य संघटनेनेही ही प्रश्नावली पुढे वापरासाठी दिली. मला त्यातला आणखी एक प्रश्न मोलाचा वाटतो: हे अंतर प्रशिक्षणाने भरेल, की कामाची व्यवस्था बदलून?

या प्रश्नाचं उत्तर गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने फार सुंदर दिलं. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर त्याच्या वयानुसार श्वास मिनिटाला पन्नास किंवा साठपर्यंत जातात का, हे मोजावं लागतं. गावातल्या दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी त्यांना अंकगणित शिकवत न बसता मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेली पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया. दायांची उणीव कुठे आहे, हे त्यांच्याजवळ बसून पाहिल्यामुळेच ते सुचलं.

2005 मध्ये आशा आल्या, पहिल्या वर्षाला 23 दिवसांचं प्रशिक्षण घेऊन. त्यानंतर नवजात बाळाच्या घरभेटी आल्या, आणि 2018 नंतर तिशीपुढच्या प्रत्येकाच्या रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी भरायचा फॉर्म. त्यात कंबरेचं माप लिहायचं असतं. टेप कुठे धरायची हे तासाभरात शिकवता येतं. पण आशाताई बहुधा त्याच गावची सून असते. सासऱ्याच्या नात्यातल्या माणसाच्या कंबरेला तिने टेप कशी लावायची, हे तिलाच विचारावं लागेल.