सौर घराचा हिशेब आषाढात करावा

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीतही तसंच: शिराळ्याकडे चांदोलीचं रान चिंब, तर जत-आटपाडीत ढग येतात आणि बऱ्याचदा तसेच पुढे जातात. तरी सौर संच विकणारा पावसाळी जावळीतल्या वाडीला आणि माणमधल्या कोरड्या म्हसवडच्या वस्तीला एकच कोटेशन देतो, कारण त्याचा हिशेब वर्षाच्या सरासरीवर असतो. सरासरीने आषाढात दिवे लागत नाहीत. विजेच्या तारेशिवाय घर चालवायचं असेल तर वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरूनच मोजमाप करावं लागतं.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, ते लाईनला जोडलेल्या संचासाठी. असा संच लाईन गेली की स्वतःही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला छतावरून उलटी वीज जाऊन झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. लाईन नसताना वीज हवी तर बॅटरी आणि बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर लागतोच.

आता घराची गरज मोजू. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास म्हणजे १८० वॅट-तास. ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास, ६००. टीव्ही तीन तास, १३५. मोबाईल ४५. ५०० वॅटचा मिक्सर दहा मिनिटं, ८३. बेरीज १,०४३, म्हणजे जेमतेम एक युनिट. हेच पंखे जुने ७५ वॅटचे असते तर एकटे पंखेच दीड युनिट खातात. त्यामुळे पहिला खर्च पॅनलवर नाही, पंख्यांवर करावा.

या बेरजेत जवळजवळ सगळेजण एक गोष्ट विसरतात. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाही वीज घेतो. १५ वॅट धरले तरी चोवीस तासांत ३६० वॅट-तास होतात. शिवाय रूपांतरात दहा-बारा टक्के जातात. म्हणजे १,०४३ साठी बॅटरीतून रोज सुमारे १,५५० वॅट-तास निघतात. चार्जिंगमधली घट, पॅनल तापणं, धूळ आणि वायर यांची तूट धरली की पॅनलच्या पाटीवर लिहिलेल्या वॅटच्या हिशेबाने रोज २,१०० वॅट-तास लागतात.

हा आकडा पूर्ण उन्हाच्या तासांनी भागायचा. दिवसभराचं कमीजास्त ऊन एकत्र करून ते दुपारच्या कडक उन्हाचे किती तास भरेल, तो हा आकडा. एप्रिलमध्ये ६ तास धरले तर ३५० वॅटचं पॅनल पुरतं. जुलै-ऑगस्टसाठी माणदेशात ४ धरावेत, मग ५२५ वॅट लागतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या धुक्यात अडीचच्या वर धरू नये, तिथे ८४० वॅट होतात. म्हणजे ५४० वॅटचं एक पॅनल आटपाडीच्या वस्तीला पुरेल, कोयनेकाठच्या घराला दोन हवीत. घाटाकडे पावसाळ्यात पंखे फारसे फिरत नाहीत, ती बचत सलग काळोख्या दिवसांसाठी शिल्लक ठेवावी. पावसात वीज पुरत नाही म्हणून लोक आणखी एक बॅटरी आणतात. तिचा उपयोग नाही. टाकी मोठी केल्याने नळाची धार वाढत नाही. वाढवायचं ते पॅनल.

बॅटरी कोणती, हाही प्रश्न आभाळावरच ठरतो. शिसे-आम्लाच्या ट्यूब्युलर बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज काढू नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत ३,६०० वॅट-तास असतात, त्यातले १,८०० वापरायचे. माणदेशात एका रात्री-दिवसाला ते पुरतात. पण ही बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे कडक होत जातात आणि मग ते पुन्हा विरघळत नाहीत. घाटमाथ्यावर जुलैमध्ये नेमकं हेच होतं. नवी बॅटरी दोन पावसाळ्यांत बसते ती बहुधा यामुळे. लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरीला अर्धवट राहण्याचा त्रास नाही आणि तिच्यातली ८५ टक्के वीज बिनधास्त वापरता येते. २५.६ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी दोन ढगाळ दिवस काढते. महाग आहे, तरी पाटण-जावळीकडे तीच घ्यावी. जत-माणमध्ये ट्यूब्युलर चालेल, फक्त ती पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर हवी आणि चूल किंवा देवघराची समई जवळ नको.

संच २४ व्होल्टचाच करावा, आणि त्याला कारण आहे. मिक्सरला १२ व्होल्टवर सुमारे ४० अँपिअर लागतात, सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये ३ मीटर अंतर आणि ४ स्क्वेअर एमएमची वायर असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याचा रोध ०.०२६ ओहम होतो. १२० अँपिअरला तीन व्होल्ट वायरीतच जिरतात. इन्व्हर्टरला बॅटरी संपल्यासारखी वाटते आणि तो बंद पडतो. मग भरलेली बॅटरी खराब म्हणून परत जाते. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा, घट निम्मी आणि टक्क्यांत पाहिलं तर चौथाई. त्यातही वायर २५ स्क्वेअर एमएमची, दोन मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच ८० अँपिअरचा डीसी (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहासाठीचा) फ्यूज. घरातला नेहमीचा एमसीबी इथे वापरू नये. घरातल्या लाईनचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी आपोआप विझते. डीसीची विझत नाही, जळत राहते.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देणारा, घ्यावा. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर ४१ व्होल्टवर चालणारं पॅनल बॅटरीच्या २७ व्होल्टवर ओढून आणतो, म्हणजे तिसरा हिस्सा वीज गेलीच. दोन पॅनल सीरिजमध्ये जोडताना थंडीची काळजी घ्यायची. प्रत्येकाचं मोकळं (काहीच न जोडलेलं असतानाचं) व्होल्टेज साडेएकोणपन्नास, दोघांचं ९९. पाटीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असले की व्होल्टेज चार टक्क्यांनी चढून १०३ होतं आणि १०० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर सूर्य उगवताच जळतो. १५० व्होल्ट, ५० अँपिअरचा घ्यावा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना उलट.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून सतरा-अठरा अंशांत. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्याच्या जोरावर, हे ध्यानात ठेवून स्टँड पत्र्याला नाही, खालच्या लोखंडी पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीला) बोल्टने कसावा. शेवग्याची एक फांदी किंवा अँटेनाची सावलीही महागात पडते. सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. एक झाकला की बायपास डायोड (अडलेल्या सेलांना वळसा देणारा भाग) पॅनलचा तिसरा हिस्साच वगळतो. वळवाच्या विजांसाठी पॅनलची फ्रेम अर्थिंगला जोडलेली आणि डीसी बाजूला सर्ज अरेस्टर (अचानक चढलेलं व्होल्टेज जमिनीत सोडणारं साधन) असावा.

तापवण्याची कामं बॅटरीवर टाकू नयेत. १५ लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर न्यायला ४३५ वॅट-तास लागतात, घराच्या दिवसभराच्या गरजेच्या चाळीस टक्के. त्याला बंब किंवा सौर हीटर. चार-पाच जनावरं असतील तर रोजच्या ५० किलो शेणावर २ घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि स्वयंपाकाचा मोठा भार उतरतो. उलट पाणी चढवणं स्वस्त आहे. हजार लिटर दहा मीटर उंच नेण्याचं मूळ काम २७ वॅट-तासांचं, पंपाची गळती धरून ऐंशी-नव्वद. छोटा पंप दुपारी बारा ते दोनमध्ये चालवून टाकी भरावी, म्हणजे तेवढी वीज बॅटरीत साठवायलाच लागत नाही.

नवरात्रात घर झाडलं जातं तेव्हा संचही तपासावा. घाटाकडे पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते ओल्या फडक्याने काढायचं. माणदेशात धूळ सकाळी, काच गार असताना धुवायची. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर लगेच पुसून घ्यायचं, नाहीतर पांढरे डाग बसतात. बॅटरीची टोकं हाताने हलवून पाहावीत, ढिली असतील तर कसून व्हॅसलीन लावावं, आणि ट्यूब्युलरमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत.