केसपेपरच्या प्रती: मुदत ७२ तासांची, दराला मात्र मर्यादा नाही

पेशंटने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपरच्या प्रती मागितल्या तर रुग्णालयाने त्या द्यायलाच हव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून टाकले होते. गुप्ततेचे कारण पुढे करून पेशंटचे कागद पेशंटलाच नाकारता येणार नाहीत, हेही त्या निकालात स्पष्ट होते. तशी परिपत्रके राज्यातल्या सर्व डॉक्टरांना आणि रुग्णालयांना पाठवा, असा आदेश महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला, म्हणजे राज्यातल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेला, मिळाला. प्रतींसाठी आवश्यक ते शुल्क घ्यायची मुभा न्यायालयाने रुग्णालयांना दिली, पण ते किती असावे हे ठरवून दिले नाही. तेव्हा त्यात कोणाला काही खटकले नसेल, कारण झेरॉक्सचे पैसे द्यायला कोणाचीच ना नसते. पण ती जागा आजवर रिकामीच राहिली आहे.

या कागदांचे मोल नुकतेच वाढले होते. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. हलगर्जीपणाची तक्रार ग्राहक मंचापुढे (आताच्या ग्राहक आयोगापुढे) न्यायची तर पहिला पुरावा केसपेपर, आणि तो असतो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कपाटात. कागद द्यायला टाळाटाळ का होते, याचे एक कारण इथे सापडते.

पुढचा टप्पा २००२ चा. भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेने आंतररुग्णांच्या, म्हणजे दाखल होऊन उपचार घेतलेल्या पेशंटच्या, नोंदी तीन वर्षे जपणे बंधनकारक केले. पेशंटने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केली की तिची पोहोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. नकार दिला तर ते गैरवर्तन ठरते. ही तरतूद चांगली होती, आजही आहे. पण शुल्काबद्दल त्यात अवाक्षर नाही. मला हीच या इतिहासातली सर्वात मोठी चूक वाटते. वेळेचे बंधन घातले आणि पैशाचे मोकळे सोडले, की ज्याला कागद द्यायचेच नाहीत त्याच्या हातात दर हे साधन उरते.

डिस्चार्ज कार्ड एक-दोन पानांचे असते आणि ते घरी जाताना मिळतेच. प्रश्न येतो तो इनडोअर फाइलचा. तिच्यात संमतीपत्रे, ऑपरेशनच्या नोंदी, भूल दिल्याची नोंद, डॉक्टरांचे रोजचे शेरे, नर्सने तासातासाला भरलेले ताप-नाडी-रक्तदाबाचे तक्ते, दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची वेळ असे सगळे असते. आयसीयूत काही आठवडे काढलेल्या माणसाची फाइल म्हणजे बाडच. मेडिक्लेम अडकला किंवा दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे झाले, तर हे सगळे लागते. रेकॉर्ड विभागाच्या खिडकीवर मग कुठे पानामागे दर सांगतात, कुठे सगळ्या फाइलची एकरकमी रक्कम, कुठे जुनी फाइल शोधण्याचे वेगळे पैसे. आधीच बिल भरून थकलेले घर तिथे घासाघीस करू शकत नाही.

सरकारी आणि पालिका रुग्णालयांत माहिती अधिकाराने निदान एक आकडा दिला. महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमांनुसार अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, आणि माहिती मुदतीत मिळाली नाही तर ती पुढे फुकट द्यावी लागते. खासगी रुग्णालयांसाठी अशी पट्टी नाही.

बाहेर मात्र दराची मर्यादा कायद्याने आली. इंग्लंडमध्ये १९९८ च्या विदासंरक्षण (डेटा प्रोटेक्शन) कायद्याखाली संगणकीय नोंदींसाठी जास्तीत जास्त १० पौंड आणि कागदी नोंदींसाठी ५० पौंड घेता येत. मे २०१८ पासून प्रत फुकट मिळू लागली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये एका जर्मन दंतवैद्याच्या प्रकरणात पहिली प्रत विनामूल्य द्यावी, असा निकाल दिला. पेशंटला ती त्याच डॉक्टरविरुद्ध वापरायची असली तरीही. अमेरिकेत पेशंट स्वतःसाठी प्रत मागतो तेव्हा फक्त प्रत काढण्याचा वाजवी खर्च घेता येतो, नोंदी शोधून काढण्याचा नाही. संगणकातल्या नोंदींच्या इलेक्ट्रॉनिक प्रतीसाठी, खर्चाचा हिशेब करत बसायचे नसेल, तर सरसकट साडेसहा डॉलरपर्यंत घ्यायचा पर्याय २०१६ पासून आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेने मर्यादेच्या जवळ जाणारी एक गोष्ट सुचवली: झेरॉक्सचे योग्य शुल्क घ्या, नाहीतर पेशंटला स्वखर्चाने झेरॉक्स काढू द्या. दुसरा पर्याय फार कामाचा आहे, कारण तो असला की खिडकीवरचा दर आपोआप बाजारभावाला येतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांना लागू असलेले नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. केसपेपरच्या प्रतीचा कमाल दर याच नियमांत बसवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आणली, तेव्हा दर ठरवायची संधी होती. त्या संहितेने ७२ तासांचे पाच कामाचे दिवस केले. त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. म्हणून आज अर्ज लेखी द्यावा, तारखेसह पोहोच घ्यावी आणि पैसे भरलेच तर पावतीवर पानांची संख्या लिहून घ्यावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली, तर हेच कागद उपयोगी पडतात.