जनुक शाबूत, तरी मुकं: प्रमोटरच्या शोधाची पार्श्वभूमी

यकृताची पेशी घ्या किंवा मेंदूची, जनुकांचा संच दोन्हींत जवळपास सारखाच असतो. कोणतं जनुक कुठे बोलणार, हे ठरवण्यात प्रमोटरचा मोठा वाटा असतो. जनुकावरून आरएनए (त्याची कामापुरती प्रत) उतरवायला जिथून सुरुवात होते, तिथला हा डीएनएचा पट्टा. जीवाणूंमधलं जनुक-नियंत्रण जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उलगडलं. पण जीवाणूला अवयव नसतात. प्राण्यातला प्रमोटर कोणत्या अवयवात चालतो हे तपासायचं, तर अख्खा प्राणीच हवा.

ती सोय झाली फलित अंडपेशीत डीएनए टोचण्याच्या तंत्राने. १९८२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेटॅलोथायोनिन जनुकाचा प्रमोटर रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाला जोडला. मेटॅलोथायोनिन म्हणजे धातू धरून ठेवणारं प्रथिन. जस्त वाढलं की यकृत ते जास्त बनवतं. झालं असं, की एरवी पियुषिका ग्रंथीत तयार होणारं संप्रेरक यकृत बनवू लागलं. जन्मलेल्या २१ पिल्लांपैकी ७ जणांत हे जनुक उतरलं होतं आणि त्यातले ६ भावंडांपेक्षा बरेच मोठे झाले. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर गाजलेल्या जोडीत एक उंदीर ४४ ग्रॅमचा, त्याचा भाऊ २९ ग्रॅमचा.

पाठोपाठ १९८५ मध्ये दिसलं, की इलॅस्टेज जनुकाच्या अवघ्या २१३ बेस-जोड्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) परक्या जनुकाला स्वादुपिंडाच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींत चालू करायला पुरतात. इतका छोटा तुकडा, आणि इतकी नेमकी निवड!

हिमोग्लोबिनचं बीटा-ग्लोबिन जनुक मात्र असं सरळ वागेना. प्रमोटरसकट टोचूनही कुठे ते क्षीण चाले, कुठे गप्पच. गुणसूत्रात ते कुठे जाऊन बसलं यावर सगळं अवलंबून. धागा मिळाला थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, एका डच रुग्णाकडून. त्याचं एक बीटा-ग्लोबिन जनुक प्रमोटरसह शाबूत होतं, तरी मुकं. त्याच्या अलीकडचा डीएनएचा लांबलचक पट्टा तेवढा गळालेला होता. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात बोलका पुरावा हाच. १९८७ मध्ये फ्रँक ग्रोसवेल्ड यांच्या गटाने त्याच पट्ट्यातले दूरचे नियंत्रक तुकडे जनुकाला जोडून उंदरांत टोचले, आणि ते गुणसूत्रात कुठेही बसलं तरी जोमाने चालू लागलं.

बीटा-थॅलेसेमियावरच्या ज्या जनुकोपचाराला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, त्यात बीटा-ग्लोबिनच्या प्रमोटरबरोबर हे दूरचे तुकडेही रुग्णाच्या रक्तमूलपेशींत घातले जातात.