डांबरी रस्ता उखडतो कसा: थोडं मागे जाऊन

खड्डा दिसला की आपण डांबराला नावं ठेवतो, पण मुळात डांबर रस्त्यावर आलं ते धुळीसाठी, पाण्यासाठी नाही. १८२० च्या आसपास ब्रिटनमध्ये रस्ते बांधणारा जॉन मॅकॅडम सांगत होता की भार शेवटी खालची मातीच पेलते, ती कोरडी ठेवा. म्हणून तो रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्यायचा, मधे जरा फुगीर ठेवायचा आणि वर बारीक फोडलेली खडी टाकायचा. घोडागाड्यांना ते पुरलं, पण मोटारी आल्या आणि टायरने खडीतली भुकटी उडायला लागली, मग १९०२ मध्ये एडगर हूली या ब्रिटिश इंजिनिअरने खडीत डांबर मिसळायचं पेटंट घेतलं. ते कोळशाचं डांबर होतं, आज आपण डांबर म्हणतो ते क्रूड ऑइलमधलं बिटुमेन.

आता गंमत अशी की खडीला बिटुमेनपेक्षा पाणी जास्त आवडतं. पाणी भेगेतून आत गेलं की खडीवरचा थर हळूहळू सोलतं, वरून चाक गेलं की तेच पाणी दाबाने आत घुसतं आणि खालची माती घेऊन वर येतं. पाऊस थांबल्यावर बघा, बाकी रस्ता वाळतो पण भेगेची रेघ ओलीच राहते आणि कडेला चिखलाचा पांढरट डाग, म्हणजे खालचा थर पोकळ होत चाललाय.

गाड्यांचा हिशोब लागला तो १९५८ ते ६० मध्ये, अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे ड्रायव्हर दोन वर्षं ट्रक फिरवत होते. निघालं काय, तर नुकसान साधारण एक्सलवर (चाकांच्या आसावर) येणाऱ्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे वजन दुप्पट तर झीज १६ पट! कारचा हिशोब धरायचीही गरज नाही मग, वजनाने होणारी झीज जवळजवळ सगळी जड ट्रकच करतात, ओव्हरलोड असले तर आणखी जास्त.

तापमानाचा हिशोब मात्र उशिरा लागला. उन्हात बिटुमेन मऊ पडून चाकोऱ्या पडतात (शब्दच चाकावरून आलाय), थंडीत आकसून आडव्या भेगा जातात, भेगेत पाणी गोठलं तर ते ९ टक्के फुगतं, आणि हवेने बिटुमेन वर्षागणिक कडक होतं ते वेगळंच. आधी बिटुमेनचा ग्रेड ठरायचा २५ अंशाला सुई किती रुतते त्यावर, म्हणजे ऊन-थंडीचा पत्ताच नाही. अमेरिकेत १९८७ ला सुरू झालेल्या संशोधनातून पीजी (परफॉर्मन्स ग्रेड) हे ग्रेड आले, उदाहरणार्थ पीजी ६४-२२, म्हणजे रस्ता ६४ अंशापर्यंत तापला आणि उणे २२ पर्यंत गारठला तरी चालणारा माल.