इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ग्रहांसारखे फिरत नाहीत
शाळेतल्या तक्त्यावर अणू म्हणजे छोटी सूर्यमाला: मधे केंद्रक, भोवती गोल कक्षांत धावणारे इलेक्ट्रॉन. हे चित्र भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या १९१३च्या प्रतिकृतीतलं, आणि ते डोक्यातून जाता जात नाही. पण विद्युतभारित कण असा गरगरत राहिला तर ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रकावर कोसळेल. बोरने ‘ठरावीक कक्षांत तसं होत नाही’ असा नियमच घातला. कारण दिलं नाही. १९२६मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंजरच्या समीकरणाने कक्षाच मोडीत काढल्या. उरला तो इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढाच हिशेब. साधा हायड्रोजन घ्या: सर्वांत खालच्या पातळीवर त्याच्या इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग (केंद्रकाभोवती फिरण्याचं माप) चक्क शून्य. म्हणजे प्रदक्षिणा नाहीच! तरी तक्ता फाडू नका. कक्षांत २, ८, ८ असे इलेक्ट्रॉन मांडून संयुजा (अणू किती बंध जोडू शकतो ती संख्या) काढायला तो झकास चालतो.