मेणबत्तीवर ग्लास ठेवला की पाणी का चढतं?

शाळेत सगळ्यांनी पाहिलेला प्रयोग. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उलटा, मेणबत्ती विझते आणि पाणी आत चढतं. मग सांगतात की ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, पाणी ग्लासात एक पंचमांश चढलं, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश! हे चुकीचं आहे, आणि आजही मुलांना असंच शिकवलं जातं याचं खरंच वाईट वाटतं.

एक तर ऑक्सिजन संपतच नाही. हवेत तो साधारण 21 टक्के असतो आणि 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. दुसरं म्हणजे जळालेला ऑक्सिजन गायब होत नाही, मेण जळताना ऑक्सिजनचे 38 रेणू खर्च झाले की कार्बन डायऑक्साइडचे साधारण 25 रेणू तयार होतात, वर पाण्याची वाफ वेगळीच.

मग पाणी चढतं कशाने? गरम हवेने. ग्लास ठेवताना ज्योतीमुळे आतली हवा फुगलेली असते, नीट बघा, कडेने बुडबुडे निघतात कधीकधी. ज्योत विझली की हवा गार होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. म्हणूनच पाणी सगळ्यात जोरात चढतं ते विझल्यावर. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा, ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त वर जातं.

एक पंचमांश दाखवायचाच असेल तर ओला लोखंडी कीस वापरा, तो गंजताना जवळजवळ सगळा ऑक्सिजन घेतो, फक्त वेळ लागतो.